तिसऱ्यांदा त्याच जागी गंज: आधी जुना प्रायमर उतरवा

गाडी मारुती ८००, २००३ ची, पांढरी. मुक्काम माहीम, इमारतीच्या कुंपणाला लागून उघड्यावर, समुद्राकडचा वारा थेट डाव्या अंगावर. तक्रार एकच: डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर आणि तिथून पुढे रनिंग बोर्डाच्या (दारांखालच्या पोकळ पट्टीच्या) शेवटच्या वीतभर भागात रंग फुगतो. मे महिन्यात गुळगुळीत असलेल्या जागेवर गणपतीपर्यंत ज्वारीच्या दाण्याएवढे फोड उठतात, दिवाळीपर्यंत ते फुटतात आणि आतून तपकिरी भुगा पडू लागतो.

२०१४ मध्ये पहिल्यांदा काम करून घेतलं. २०१८ मध्ये पंधरा वर्षांच्या पासिंगच्या आधी दुसऱ्यांदा, २०२१ मध्ये तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा वेगळं गॅरेज. तिन्ही वेळा गाडी चकचकीत होऊन आली आणि तिन्ही वेळा फोड त्याच जागी उठले, फक्त दर खेपेला घेर दोन बोटं वाढलेला. चौथ्यांदा पैसे घालण्याऐवजी डिसेंबर २०२२ मध्ये ती जागा स्वतः उघडली. त्यानंतर तीन पावसाळे झाले, तिथे फोड नाही. जे सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण समुद्राजवळ राहणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीचं दुखणं थोड्याफार फरकाने हेच आहे.

माझ्या मदतीला चौथ्या मजल्यावरचे काका होते. बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये बसच्या पत्राकामात आयुष्य गेलेलं. मी त्यांना म्हटलं, काका, गंज परत परत येतो, कुठला चांगला प्रायमर आणू? ते म्हणाले, "अरे, भिंतीला पोपडे धरले तर ते न खरवडता वरून डिस्टेंपर मारतोस का? आधी कोणते प्रायमर तिथे बसलेत ते बघ, मग नवा आण."

आधी फोड फोडून पाहा

नखाने किंवा बोथट सुरीने एक फोड उघडा. आत काय निघतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पाण्याचा थेंब निघाला आणि खाली पत्रा जवळपास स्वच्छ असेल, तर ओल रंगातून आत झिरपली आहे, गंज आता सुरू होतोय. सहसा खाली मिठाचा अंश राहिलेला असतो. मीठ ओल ओढून घेतं आणि रंगाच्या पापुद्र्याखाली पाणी साठतं.

कोरडा पापुद्रा निघाला आणि खाली साफ पत्रा किंवा घट्ट बसलेला राखाडी थर दिसला, तर गंजाचा प्रश्नच नाही. रंगाने खालच्या थराला धरलेलं नाही. तेलकट हात, मेणाचं पॉलिश किंवा न घासलेली गुळगुळीत जागा, यांपैकी काहीतरी नडलं आहे. अशा जागी अगदी पत्र्यापर्यंत जायची गरज नसते.

तपकिरी भुगा किंवा पापडासारखी खपली निघाली, तर गंज खालून वर आला आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. माझं प्रकरण हेच होतं. अशा जागी आणखी एक गोष्ट करा: जाड स्क्रू ड्रायव्हरचं टोक जरा जोर देऊन टेकवा. आत गेलं तर पत्रा सडला आहे आणि गंज आतल्या बाजूने बाहेर आला आहे. मग पुढचं काही वाचू नका, तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. सीटबेल्टचा बोल्ट, सस्पेन्शनची बैठक किंवा जॅक लावायची जागा अशी सडली असेल तर घरगुती प्रयोग अजिबात नको.

लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, किती भरली आहे हे लोहचुंबकाने कळतं. रेफ्रिजरेटरवर चिकटवायचा पातळ चुंबक कागदात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली जाड लांबी आहे. माझ्या कमानीवर जवळजवळ तळहाताएवढ्या भागात चुंबक धरतच नव्हता.

चकतीखाली निघालेली वलयं

कडेपासून हळूहळू घासत आत गेलो तेव्हा झाडाचं खोड कापल्यावर दिसतात तशी वलयं निघाली. सगळ्यात बाहेर २०२१ चा पांढरा. त्याच्या आत राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर. मग पिवळसर लांबी, काही ठिकाणी तीन-चार मिलिमीटर. त्याखाली जरा पिवळट पडलेला जुना पांढरा, म्हणजे २०१८ चा. पुन्हा राखाडी. पुन्हा लांबी. आणि सगळ्यात तळाशी रेड ऑक्साइड, म्हणजे लाल प्रायमर, ब्रशने लावलेलं, ब्रशचे केसही त्यात अडकलेले.

रेड ऑक्साइडच्या खाली काय होतं? गंज. पहिल्याच गॅरेजने वरवर तारेचा ब्रश फिरवून गंजावरच रेड ऑक्साइड ओढलं होतं. पुढच्या दोघांनी ते उतरवलंच नाही. त्यांनी फुगलेलं तेवढं खरवडलं, घट्ट वाटलं ते ठेवलं, वर लांबी भरली. रेड ऑक्साइड घट्ट होतंच, पण ते ज्या गंजाला चिकटलं होतं तो गंज पत्र्याला घट्ट चिकटलेला नव्हता.

आणखी एक गंमत म्हणजे रेड ऑक्साइडचा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो. त्यामुळे घासताना प्रायमर कुठे संपला आणि गंज कुठे सुरू झाला हे डोळ्यांना कळत नाही. काका म्हणाले, वर्कशॉपमध्ये नवीन पोरं इथेच फसायची. त्यांचा नियम: लाल दिसतंय तोवर खाली जायचं, राखाडी चकाकी दिसल्याशिवाय थांबायचं नाही.

लाल दोन तऱ्हेचा असतो हेही लक्षात ठेवा. विटकरी लाल म्हणजे रेड ऑक्साइड. शेंदरी-नारिंगी दिसला तर तो जुना शिशाचा प्रायमर असू शकतो. मारुतीच्या बॉनेटखाली तो भेटण्याची शक्यता कमी, पण जुनी फियाट, पद्मिनी, अँबॅसॅडर, जीप, लोखंडी ट्रेलर यांवर भेटतो. पिवळट-हिरवा असेल तर झिंक क्रोमेटचा संशय घ्या. हे दोन्ही कोरडे घासू नयेत. शिशाची धूळ लहान मुलांना फार वाईट आणि क्रोमेट कर्करोगाला कारण ठरतो. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवली. पण तुमच्या आजोबांच्या गाडीवरचा थर त्याच्या कितीतरी आधीचा आहे. असा थर रिमूव्हरने मऊ करून ओला असतानाच खरवडायचा, कचरा पिशवीत बांधायचा, कंपाउंडमध्ये झाडून टाकायचा नाही.

थिनरची चिंधी

प्रत्येक थर काय आहे हे ओळखायची सोपी चाचणी: पांढरी सुती चिंधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवा, थरावर अर्धा मिनिट दाबून धरा, मग चोळा.

रंग लगेच चिंधीवर आला तर तो एनसी प्रायमर किंवा सरफेसर. त्याच्यावर काहीही उभं करू नका. त्यात भरणीची भुकटी जास्त आणि तिला बांधणारा भाग कमी असतो, थर सच्छिद्र असतो आणि ओल आरपार जाते. थर सुरकुतला किंवा मऊ पडला तर साधा एक डब्याचा अल्कीड, बहुतेक रेड ऑक्साइड. तोही काढायचा. चिंधी पांढरीच राहिली तर तो दोन डब्यांचा टू-के प्रायमर आहे किंवा कंपनीचा मूळ ई-कोट.

ई-कोटला मात्र जपा. कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने तो बसवतात आणि भट्टीत दीडशे अंशांच्या वर भाजतात. जाडी जेमतेम २० मायक्रॉन असते, पण त्याच्या खाली फॉस्फेटचा थर असतो, आणि ही जोडी तुम्ही-आम्ही अंगणात पुन्हा बनवू शकत नाही. माझ्या गाडीत तो राखाडी निघाला. गाडीगणिक काळपट किंवा हिरवटही असतो. उत्साहाच्या भरात अख्खी कमान उघडी करणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी चांगला ई-कोट काढून गंजाला नवी जमीन दिली, बाकी काही नाही. गंजाच्या कडेपासून साधारण दोन इंच पलीकडे, जिथे ई-कोट पत्र्याला सलग चिकटलेला आहे आणि नखाने, सुरीने उचलत नाही, तिथे थांबायचं. त्याच्या वरचे एनसी, लांबी, जुना रंग हे सगळं मात्र त्या कडेपर्यंत उतरवायचं.

उतरवायचं कशाने

घासायच्या आधी धुवा. हे सगळ्यांकडून राहून जातं. माहीम, वरळी, वर्सोवा, कुठेही समुद्राजवळ उभ्या गाडीवर मिठाचा थर असतो. तो धुतल्याशिवाय पॉलिश पेपर फिरवला तर मीठ ओरखड्यांत चोळलं जातं. शाम्पूचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, मग सुकवणं. पेट्रोलने पुसू नका. जुने मेकॅनिक पुसतात, पण त्याचा तेलकट अंश मागे राहतो.

जाड लांबी मी आधी हीट गनने मऊ करून पत्तीने उचलली. लांबी पॉलिएस्टरची असेल तर ती खपल्या-खपल्यांनी सुटते. गन एका जागी धरून ठेवायची नाही, आणि त्याआधी आतल्या बाजूची कार्पेट, फोमच्या गाद्या काढायच्या. या गाडीची पेट्रोल टाकी मागच्या सीटखालीच आहे हे विसरू नका. आम्ही टाकीच्या बाजूला गन नेलीच नाही, तिथे हातानेच खरवडलं.

पेंट रिमूव्हर एनसी आणि अल्कीडवर झकास चालतो, ई-कोट आणि टू-केवर कुरकुरतो. आपल्याला हेच हवं आहे. ब्रशने एकाच दिशेने जाड थर लावायचा, उलटसुलट चोळायचा नाही. मुंबईच्या वाऱ्यात तो पाच मिनिटांत वाळतो, म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद पसरून १५-२० मिनिटं सोडायचा. मग प्लॅस्टिकच्या पत्तीने ओढायचा. दोन अटी आहेत. पहिली म्हणजे पत्र्याच्या घड्या, स्पॉट वेल्डच्या फटी, दाराची दुमडलेली कड यांपासून दोन इंच लांब राहायचं, कडेला ॲल्युमिनियमची टेप लावायची. फटीत शिरलेला रिमूव्हर महिन्याभराने बाहेर येतो आणि नवा रंग उचलतो. दुसरी अट, काम झाल्यावर डब्यावर लिहिलं असेल त्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने दोनदा पुसायचं. बऱ्याच रिमूव्हरमध्ये ते लवकर उडू नयेत म्हणून मेण घातलेलं असतं. ते राहिलं तर नवा प्रायमर धरणार नाही.

डब्यावर मिथिलीन क्लोराइड असं लिहिलं असेल तर गंभीरपणे घ्या. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद स्टिल्ट पार्किंगमध्ये खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी किरकोळ ग्राहकांना तो विकायला बंदी घातली गेली. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करा. औषधाच्या दुकानात मिळणारे पातळ निळे हातमोजे काही मिनिटांत झिरपतात. साधा कापडी मास्क वाफेला काहीच अडवत नाही.

यंत्राचं म्हणाल तर ग्राइंडरला दगडी चकती अजिबात लावू नका. बॉडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. तापला की तो पापडासारखा वाकतो आणि मग डेंटरलाही सरळ होत नाही. वायर कपचाही मला राग आहे. तो गंज काढत नाही, चकचकीत करतो. दिसायला पत्रा चमकतो, पण खड्ड्यातला गंज दाबून घोटलेला असतो. चांगली चालते ती स्पंजासारखी जाळीदार काळी किंवा जांभळी स्ट्रिपिंग डिस्क. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत सहज मिळते, ग्राइंडरला बसेल अशा मापाची घ्या. ती प्रायमर आणि रंग खाते, पत्रा फारसा खात नाही, तापतही कमी. तरीही दर अर्ध्या मिनिटाला तळहात लावून पाहायचा, चटका बसला तर थांबायचं. शेवटचा हात ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १५०. रंगाच्या कडा ३२० ने उतरत्या करायच्या, बोटाला पायरी लागता कामा नये.

सँडब्लास्टिंगबद्दल विचाराल. चासिसला, रिमला, जीपच्या जाड पत्र्याला उत्तम. मारुतीच्या कमानीवर कुणी अननुभवी माणसाने जोरात मारलं तर पत्रा लाटांसारखा होतो. आणि नदीची वाळू वापरत असतील तर तिथे उभंही राहू नका, सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची बसते.

खड्ड्यातले काळे ठिपके

पत्रा चमकला की काम झालं असं वाटतं. मलाही वाटलं. काकांनी भिंग मागवलं. चमकत्या पत्र्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते, शेकडो. त्या खड्ड्यांत गंज आणि मीठ दोन्ही असतं, आणि चकतीला तिथपर्यंत पोचता येत नाही.

तपासायची रीत अशी: जागा गरम पाण्याने आणि नायलॉनच्या ताठ ब्रशने घासा, हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा आणि काही तास तशीच सोडा. कोरड्या दिवसातही त्या ठिपक्यांभोवती ओलसर किंवा नारिंगी कड आली, बाकी पत्रा मात्र स्वच्छ राहिला, तर मीठ आत आहे. पुन्हा धुवा. मला तीनदा धुवावं लागलं.

मग फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजनाशक ब्रशने लावलं, १०-१५ मिनिटं ओलं ठेवलं (वाळू द्यायचं नाही), धुतलं, पुन्हा ड्रायर. ठिपके राखाडी झाले. इथे एक धोका आहे. फरशी किंवा संडास धुवायचं ॲसिड गंज झटकन खातं, म्हणून लोक तेच वापरतात. ते हायड्रोक्लोरिक. त्यातला क्लोराइड फटीत राहतो आणि तुम्ही समुद्राला स्वतःच्या हाताने आत आणून ठेवता. बाटली जवळ उघडी राहिली तर शेजारची पान्हे, पकडीसुद्धा गंजतात.

टॅनिक ॲसिडचे रस्ट कन्व्हर्टर येतात, गंज काळा करतात. हात पोचत नाही अशा पोकळीत वापरायला ठीक आहेत. हात पोचतो तिथे मी ते वापरत नाही. खाली गंजाचा जाड थर असेल तर वरचा पापुद्रा तेवढा काळा होतो आणि आपलं समाधान होतं.

हे काम जुलैत का करू नये

उघडा पत्रा मुंबईत पावसाळ्यात काही तासांत नारिंगी होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाऊस थांबलेला असतानाही अडचण असते, ती डोळ्यांना दिसत नाही. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो (हवेतली वाफ ज्या तापमानाला अशी पाणी होते तो दवबिंदू), तसा पत्र्यालाही येतो, फक्त इतका बारीक की बोटाला कळत नाही. त्यावर प्रायमर मारला तर तो पाण्यावर मारला. औद्योगिक रंगकामात नियम असा आहे की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं.

हिशोब करून बघा. जुलैची दुपार, हवा ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के: दवबिंदू साधारण २७ अंश. सावलीतला पत्राही हवेइतकाच, ३० अंशांच्या आसपास. म्हणजे काठावर, आणि ढग दाटले की गेलं. डिसेंबरची दुपार, हवा ३२, आर्द्रता ४५ टक्के: दवबिंदू १९ च्या खाली. तेरा अंशांचं अंतर. आर्द्रता मोजायचा दोनशे रुपयांचा हायग्रोमीटर आणि फोनवरचं दवबिंदूचं गणित एवढ्यावर ठरवता येतं. मुंबईत ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दहानंतर ते चारपर्यंत, हा या कामाचा मोसम.

आत्ता पावसाळा चालू असेल आणि फोड दिसले असतील तर उघडू नका. धुवा, सुकवा, फुटलेल्या फोडावर ग्रीसचं बोट किंवा कॅव्हिटी वॅक्स (पोकळ्यांत मारायचं गंजरोधक मेण), आणि दिवाळीनंतर बघू. अर्धवट उघडून प्रायमरमध्ये उभी केलेली गाडी ही सगळ्यात वाईट अवस्था. प्रायमर मारलाय, रंग नंतर करू, असं म्हणत राखाडी ठिगळं घेऊन महिनोन्‌महिने फिरणाऱ्या गाड्या आपल्याकडे हव्या तेवढ्या दिसतात. ते ठिगळ पाणी पितं.

संध्याकाळच्या आत झाकणं

काकांची अट होती: जेवढं आज झाकता येईल तेवढंच आज उघडायचं. पहिल्या रविवारी फक्त कमान, दुसऱ्या रविवारी रनिंग बोर्ड. घाई केली नाही तर वीतभर जागेला सहा-सात तास सहज लागतात.

उघड्या पत्र्यावर आम्ही दोन डब्यांचा टू-के इपॉक्सी प्रायमर मारला, दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला अवकाश सोडून. हार्डनरचं प्रमाण अंदाजाने नको, मोजमापाच्या कपाने. मिसळल्यावर काही मिनिटं थांबायला सांगितलं असेल तर थांबा. एक इशारा आहे: काही इपॉक्सींना ॲसिडचा अंश चालत नाही, म्हणून आधीचं फॉस्फोरिक नीट धुतलेलं असलंच पाहिजे. आणि इपॉक्सीखाली एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन धरणारा ॲसिडवाला प्रायमर, घालण्याचा डबल शहाणपणा करू नका, दोन्हींपैकी एकच. फवारणीला कार्बन काडतुसाचा रेस्पिरेटर लावा. इपॉक्सी असो वा वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, त्यांची वाफ कापडी मास्कने अडत नाही.

लांबी इपॉक्सीच्या वर, पत्र्यावर थेट नाही. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती ओल शोषते. इपॉक्सी तिला पत्र्यापासून वेगळं ठेवतो. नीट डेंट काढला तर एक मिलिमीटर लांबी पुरते. नंतरचं सरफेसर, रंग, लॅकर हे नेहमीचंच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

रनिंग बोर्डाच्या आतली कथा मात्र सांगायला हवी. खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. माझ्या गाडीची दोन भोकं आधीच्या कुणीतरी मारलेल्या काळ्या अंडरबॉडी कोटिंगने बुजलेली होती. तारेने उघडली तर वाटीभर चिखलपाणी बाहेर आलं, डिसेंबरमध्ये. बाहेरून कितीही सोवळं पाळा, आत डबकं असेल तर गंज आतून येणारच. भोकं मोकळी करून, दोन दिवस उन्हात सुकवून, लांब नळीने आत कॅव्हिटी वॅक्स मारलं, आणि ते भोकांतून ठिबकायला लागलं तेव्हा थांबलो.

गॅरेजला देणार असाल तर

आधीच्या तिन्ही गॅरेजवाल्यांवर मी बरेच दिवस चिडून होतो. आता तितका नाही. पॅनेलमागे दर ठरलेला असतो, त्यात लांबी, प्रायमर, रंग, पॉलिश येतं. जुने थर उतरवायला जे सहा तास जातात त्यांचे पैसे कोणीच देत नाही, मग ते कोण करणार? म्हणून उघडण्याचे पैसे वेगळे ठरवा. सांगा: लांबी आणि जुना प्रायमर पूर्ण काढा, चकचकीत पत्रा दिसला की मला फोन करा, मी येऊन बघेन, मगच प्रायमर. न जमल्यास फोटो मागा, जवळून, उन्हात काढलेला. लाल काही दिसत असेल तर अजून घासायला सांगा. डब्बा कोणता वापरणार हे आधी विचारा. एकाच डब्यातला, थिनर घातला की तयार, असं उत्तर आलं तर टू-केचा आग्रह धरा आणि फरकाचे पैसे द्या.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी धुताना डाव्या कमानीवर हात फिरवला, गुळगुळीत. उजव्या दाराच्या खालच्या कडेला मात्र एक दाणा लागला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "डिसेंबरमध्ये मी मुलीकडे ठाण्याला आहे. नोव्हेंबर बघ." हायग्रोमीटरची बॅटरी बदलून ठेवली आहे.